फळी न उचलणारे सर

आमचे सर कुठल्याही नाजूक किंवा महागड्या वस्तूजवळ गेले की आधी खिशातून रुमाल काढायचे आणि नाकावर धरायचे. प्राचार्यांच्या केबिनमध्ये नवा कॉम्प्युटर आला तेव्हा सगळा स्टाफ कौतुकानं बघायला गेला. सर दारातच उभे, नाकावर रुमाल. केबिनला वास येतोय असं प्राचार्यांना वाटलं. त्यांनी शिपायाला बोलावून फिनेल मारून घेतलं. एका सहकाऱ्याच्या नातवाच्या बारशालाही सर असेच रुमाल धरून पाळण्याशी गेले. बाळाच्या आईनं बाळ उचललं आणि आतल्या खोलीत नेलं. सर म्हणाले, “शहाणी हाय पोरगी.”

या रुमालामागे एक शिंक होती. तरुणपणी सर दूरच्या एका शहरात पीएच.डी. करत होते. तिथं प्रोटॉनला प्रचंड वेग देणारं मोठं यंत्र होतं. या यंत्रावर काम करायला संशोधकांच्या रांगा असायच्या. वाटून दिलेल्या वेळात आपलं काम उरकायचं, नाहीतर पुन्हा रांगेच्या शेवटी. सरांना कथलाच्या अणूंवर प्रोटॉन मारायचे होते. त्यासाठी कथलाचा पापुद्रा लागतो, आणि तो इतका पातळ की उचलताना श्वास रोखावा लागतो. त्यांच्या एका मित्रानं कित्येक आठवडे खपून तो तयार केला होता. सरांची पाळी आली, यंत्र सुरू झालं, सरांनी पापुद्रा चिमट्यात धरून चौकटीत बसवायला घेतला आणि शिंकले.

पापुद्रा कुठं गेला ते शेवटपर्यंत कळलं नाही. मित्र बरेच दिवस त्यांच्याशी बोलला नाही. पुढं दुसरा पापुद्रा झाला, प्रयोग झाला, पदवी मिळाली. प्रबंधाच्या आभाराच्या पानावर सरांनी पहिल्या पापुद्र्याची जाहीर माफी मागितली होती. ते पान मी स्वतः पाहिलंय.

मी मूळची अकलूजची. एम.एस्सी. झाल्यावर सोलापूरच्या या कॉलेजात तासिका तत्त्वावर लागले, तेव्हा भौतिकशास्त्र विभागात सर सर्वांत ज्येष्ठ होते. ते जवळच्याच वळसंग गावचे. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि वर्गात फळ्यावर शुद्ध इंग्रजी. बोलणं मात्र पक्कं गावाकडचं. एवढी वर्षं बाहेर राहून, परदेशातल्या परिषदा करूनही त्यांनी ते बदललं नाही. मोठ्या लोकांसमोर तर मुद्दाम जास्तच बोलायचे.

सर कुणाला सरळ प्रश्न विचारत नसत. पहिल्याच दिवशी ते माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, “अकलूजला औंदा ऊस लई झालाय म्हणं.” मला काही कळेना. मी सांगू लागले, की आमच्याकडे शेती भावाकडे असते, मला त्यातलं फारसं कळत नाही, आणि खरं तर मला आता तिकडं परत जायचंच नाही, इथंच शिकवायचंय. त्यांनी मान हलवली आणि निघून गेले. मी इथं टिकणार की दुसरी नोकरी मिळताच पळणार, एवढंच त्यांना हवं होतं, हे मला बऱ्याच दिवसांनी उमगलं. मी हे बोलून दाखवल्यावर ते म्हणाले, की माणसाला सरळ विचारलं तर तो तयार उत्तर देतो. बाजूनं एक खडा टाकायचा आणि तो कसा परत येतो ते बघायचं. उभा जन्म त्यांनी दुसरं काहीच केलेलं नाही.

ते खरंच होतं. त्यांचं संशोधन म्हणजे तेच. अणूचं केंद्रक कुठल्याही भिंगातून दिसत नाही. म्हणून त्यावर प्रोटॉनचा मारा करायचा आणि सभोवती मोजणी यंत्रं मांडून बघायचं, कुठल्या दिशेला किती प्रोटॉन फेकले गेले. कुठल्या कोनाला जास्त, कुठल्या कोनाला अगदी कमी, यावरून मधली वस्तू केवढी आहे आणि तिच्या कडा कशा आहेत याचा अंदाज बांधायचा.

कडांवर सरांचा फार जीव. केंद्रक म्हणजे गोटी नव्हे, असं ते वर्गात पुन्हा पुन्हा सांगायचे. त्याला धारदार कड नसते, ते बाहेर बाहेर विरळ होत जातं. पोरं माना डोलवायची आणि परीक्षेत पुन्हा कंपासनं गोल काढायची. शेवटी एका सकाळी सर सगळ्या वर्गाला घेऊन शहराबाहेरच्या कुंभारी गावाच्या बसमध्ये बसले. मीही होते. सरांनी सगळ्यांची तिकिटं कुंभारीपर्यंत काढली आणि सांगितलं, की सोलापूर जिथं संपतं असं ज्याला वाटेल त्यानं तिथं उतरायचं.

एक पोरगा शेवटच्या मोठ्या इमारतीशी उतरला. दोघी रस्त्याचे दिवे संपले तिथं उतरल्या. त्यानंतर बराच वेळ नुसतं माळरान लागलं म्हणून चौघं उतरले, आणि त्यांच्या पुढं लगेच पुन्हा घरं लागली. एकीच्या मोबाइलवर अजून सोलापूरच दाखवत होतं, ती हटूनच बसली. कुंभारीचा एक विद्यार्थी होता, तो म्हणाला, आमच्या दारापर्यंत सोलापूर आलेलं नाही, एवढंच मी सांगू शकतो. कंडक्टर दर थांब्याला घंटी मारून मारून वैतागला. सर स्वतः थेट कुंभारीला उतरले, आम्ही गरम भजी खाल्ली, चहा घेतला आणि परतीच्या बसनं निघालो. वाटेत उन्हात लाल झालेली पोरं एकेका झाडाखालून गोळा करत आलो. कुणाचीही जागा दुसऱ्याच्या जागेशी जुळत नव्हती. सर त्यांच्याकडं बघून एवढंच म्हणाले, “आता काढा गोल.”

त्या वर्षीच्या उत्तरपत्रिकांत एकानंही काढला नाही.

खोड्या त्यांच्या अंगातच होत्या. प्रॅक्टिकलला काचेच्या प्रिझमचा कोन मोजायचा असतो. तो साठ अंश येतो हे सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. त्यामुळं पोरं यंत्राला डोळा लावल्यासारखं करतात आणि साठ लिहून मोकळी होतात. एका वर्षी सरांनी एका काचवाल्याकडून प्रिझम थोडा घासून आणला. दिसायला तसाच, कोन वेगळा. परीक्षेला तोच मांडला. सगळ्यांनी साठ लिहिले. फक्त एका मुलीनं भलताच आकडा लिहिला. ती शहराच्या पूर्व भागातल्या विणकर घरातली, घरी तेलुगू बोलणारी, वर्गात कधी तोंड न उघडणारी. पुन्हा पुन्हा मोजूनही उत्तर चुकतंय म्हणून रडवेली होऊन माझ्याकडं आली होती. सरांनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले आणि उरलेल्या सगळ्यांना शून्य.

पालक आले. प्राचार्यांनी सरांना बोलावून घेतलं. आमचे प्राचार्य शिस्तीचे गृहस्थ. शर्टाच्या खिशाला नेहमी दोन पेनं आणि बोलताना एक बोट वर. ही काय परीक्षा घेण्याची रीत झाली, असं ते बराच वेळ विचारत राहिले. सर शांतपणे ऐकून आले. स्टाफरूममध्ये चहा घेताना त्यांनी मला पूर्वीची एक गोष्ट सांगितली, तेव्हा मला त्या शून्याचं मूळ कळलं.

त्यांचा कथलावरचा प्रयोग संपत आला होता. सगळी मापं यंत्राच्या डाव्या बाजूला घेतलेली, छान वळणदार आलेख आलेला, गाइड खूश. केंद्रकाचा आकार ठरला, शोधनिबंध लिहायला घेतला. थोडा वेळ उरला होता म्हणून सरांनी मोजणी यंत्र उजवीकडं नेलं आणि तेवढ्याच कोनाला एक माप घेतलं. निसर्गाला डावं-उजवं नसतं. जेवढे प्रोटॉन डावीकडं, तेवढेच उजवीकडं यायला हवेत. आले नाहीत. बरेच कमी आले. गाइड म्हणाले, हा बिंदू वगळ, काहीतरी गडबड झाली असेल. सरांनी वगळला नाही. गाइड चिडले, निबंधावरून तुझं नाव काढीन म्हणाले. सर रोज सकाळी जाऊन ते यंत्र तपासत राहिले. अखेरीस सापडलं, की ज्या पट्टीवर कोन वाचायचा तिचं शून्यच थोडं सरकलेलं होतं. म्हणजे उजवीकडचाच नव्हे, तर डावीकडचा प्रत्येक कोन चुकीचा होता. तो सुंदर आलेख सगळाच सरकवावा लागला आणि केंद्रकाचा आकार बदलला.

गाइड मग खूश झाले असतील, असं मी म्हटलं. सर म्हणाले, “खूश कसले? महिनाभर माझ्याशी बोलले न्हाईत. पन निबंदावर माझं नाव पयलं घातलं.”

माणसं आपल्याशी बोलेनाशी होणं, हे सर बहुधा कामाचाच भाग समजत.

आता मुख्य गोष्ट सांगते. आमच्या एम.एस्सी.च्या वर्गावर गदा आली. विद्यार्थी कमी, उपकरणं जुनी. एक तपासणी समिती येणार आणि वर्ग चालू ठेवायचा की बंद करायचा ते ठरवणार असं कळलं. वर्ग बंद झाला असता तर माझे तास गेले असते आणि मला अकलूजला परत जावं लागलं असतं. सरांना निवृत्तीला थोडाच काळ उरला होता, त्यांचं काही बिघडणार नव्हतं. प्राचार्यांनी लॅबला रंग लावून घेतला, मोडकी उपकरणं कपाटात कोंडली आणि सरांना केबिनमध्ये बोलावून हात जोडले. तुम्ही त्या दिवशी फक्त नमस्कार करा, दुसरं काही करू नका, एवढीच त्यांची विनंती होती. सर म्हणाले, बरं.

समिती आली. तिघं होते. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त प्राध्यापक, उंच, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, चेहऱ्यावर हसू औषधालाही नाही. सोबत एक बाई रसायनशास्त्राच्या आणि एक गृहस्थ गणिताचे. सरांनी त्यांना दारात नमस्कार केला आणि शब्द पाळून बाजूला उभे राहिले. पण लॅबच्या मधोमध जमिनीवर एक मोठी फळी मांडलेली होती. जुन्या दाराची ती फळी चार बुटक्या ठोकळ्यांवर ठेवलेली. खालून गोटी जेमतेम जाईल एवढीच फट. आतलं दिसू नये म्हणून चारी बाजूंनी काळ्या कागदाच्या बारीक पट्ट्या, नवरदेवाच्या मुंडावळ्यांसारख्या, सोडलेल्या. शेजारी वाटीभर गोट्या आणि खडू. प्राचार्यांचा चेहरा उतरला.

अध्यक्षांनी विचारलं, हे काय आहे? सर प्राचार्यांकडं बघत गप्प राहिले. नमस्काराशिवाय काही करायचं नाही असं ठरलंच होतं. शेवटी मला सांगावं लागलं, की फळीच्या खाली मध्यभागी एक वस्तू ठोकून बसवलेली आहे. न वाकता, न बघता, नुसत्या गोट्या आत सोडून तिचा आकार ओळखायचा. प्रोटॉन मारून केंद्रक कसं ओळखतात ते आमची मुलं यावर शिकतात.

गणितवाले म्हणाले, सोपं आहे. त्यांनी उभ्यानंच एक गोटी सोडली. ती भलतीकडूनच बाहेर आली आणि कपाटाखाली गेली. ते खाली बसले. आणखी काही गोट्या सोडल्या, जमिनीवर खडूनं रेघा मारल्या आणि जाहीर केलं, वस्तू गोल आहे. रसायनाच्या बाई दुसऱ्या बाजूला होत्या. त्यांनी पदर खोचला, त्याही बसल्या. त्यांच्या बाजूनं गोट्या सरळ उलट परत येत होत्या. त्या म्हणाल्या, गोल कसली, सपाट भिंत आहे. वाद सुरू झाला. अध्यक्षांनी दोघांना जरा बाजूला व्हायला सांगितलं, घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि तो इस्त्रीचा माणूस गुडघ्यांवर आला.

त्यानंतर लॅबमध्ये गोट्यांचा आवाज तेवढा होत राहिला. जेवणाची वेळ टळली. शिपाई दोनदा येऊन परत गेला. प्राचार्यांनी मागवलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी तशीच राहिली. रंगवलेल्या भिंतींकडं कुणी पाहिलं नाही, कपाट कुणी उघडलं नाही. अध्यक्षांचं मत पडलं, की वस्तू त्रिकोणी आहे. तिघांचे तीन आकार झाले. अध्यक्ष उठले, गुडघे झटकले आणि सरांना म्हणाले, “ठीक आहे. आता फळी उचला.”

सर पहिल्यांदाच बोलले. “न्हाय उचलत.”

“म्हणजे?”

“न्यूक्लियसवरची फळी आमाला आजवर कुनी उचलून दावली न्हाय, साहेब. आमी तसंच काम केलं.”

प्राचार्य पुढं झाले, सरांना दटावू लागले. अध्यक्षांचा चेहरा लालबुंद झाला होता. आम्ही इथं तपासणीला आलो आहोत, याची आपल्याला कल्पना आहे ना, असं त्यांनी विचारलं. सरांनी मान हलवली, आणि हात जोडून पुन्हा नमस्कार केला. समिती न जेवता गेली. मी मनातल्या मनात अकलूजच्या शाळांची नावं आठवू लागले.

गाडी फाटकाबाहेर पडताच प्राचार्य धावत परत आले. बोट वर करण्याचंही त्यांना भान नव्हतं. तुमच्या हट्टापायी वर्ग बुडाला, या मुलीची नोकरी गेली, निदान मला तरी सांगा काय आहे त्या फळीखाली. सर खाली मान घालून उभे होते. मला वाटलं, आता तरी वरमले असतील. ते हळूच म्हणाले, “मला तरी कुटं ठाऊक हाय?”

सरांनी सांगितलं ते असं. आपल्याला उत्तर ठाऊक असलं की आपण पोरांच्या गोट्या त्या उत्तराकडं ढकलायला लागतो. म्हणून त्यांनी फळी कॉलेजचं लाकूडकाम करणाऱ्या सुतारचाचांकडं नेऊन दिली, तुमच्या मनाला येईल ते लाकूड कापून ठोका म्हणाले, आणि काय ठोकलं ते कुणालाही न सांगण्याचं वचन घेतलं. सरांनाही नाही. प्राचार्यांनी तडक चाचांना बोलावणं धाडलं. चाचा आले, दाढीवरून हात फिरवत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “सरकू जबान दिया मैं. नै बोलता.” आणि चहा पिऊन गेले.

ते दिवस वाईट गेले. प्राचार्य सरांशी बोलत नव्हते. मीही फारशी बोलत नव्हते. माझा जीव टांगणीला होता आणि सर मात्र रोज दुपारी त्या फळीशी बसून गोट्या सोडत होते, हे मला सहन होत नव्हतं. एकदा मी तोंडावर बोललेही, की तुमचं आयुष्य झालंय, तुम्हाला खेळ सुचतो. त्यांनी सोडलेल्या गोटीची खूण केली. मग खडू खाली ठेवून म्हणाले, “मॅडम, त्या मानसानं गुडगं टेकलं. ज्याला वर्ग बंद करायचाय तो गुडगं टेकत न्हाय.”

अहवाल आला. प्राचार्यांनी तो आधी स्वतः दोनदा वाचला आणि मग आम्हाला बोलावलं. एम.एस्सी.चा वर्ग चालू ठेवावा. उपकरणं जुनी आहेत, नवी घ्यावीत. भिंतींचा रंग फार भडक आहे. आणि सर्वांत शेवटी एक ओळ होती, की प्रयोगशाळेतील फळी एकदा उचलण्यात यावी, ही समितीची सूचना आहे. प्राचार्य चष्म्यावरून सरांकडं बघत राहिले. सर म्हणाले, “सूचना हाय. हुकूम न्हाय.”

त्यानंतर काही आठवडे गेले असतील. सकाळच्या तासाला मी लॅबमध्ये होते, तर दारात ते अध्यक्ष उभे. एकटेच. ना पत्र, ना फोन, ना गाडी. एस.टी.नं आले होते, खांद्याला कापडी पिशवी. मी गडबडून उठले. त्यांनी मला हातानंच बसा म्हणून खुणावलं आणि सरांकडं गेले. मला वाटलं, आता फळी उचला म्हणणार. त्यांनी तो विषयच काढला नाही. ते म्हणाले, “तुमच्या गोट्या फार मोठ्या आहेत. एवढ्या मोठ्या गोटीला बारीक खाच कळणारच नाही. तिघांचे तीन आकार त्यामुळं झाले.” आणि पिशवीत हात घालून त्यांनी एक पुडी काढली. पुडीत सायकलच्या बेअरिंगचे बारीक, चकचकीत छर्रे होते.

सरांनी एक छर्रा बोटांत धरून उजेडाकडं करून पाहिला, मग सरकून जागा करून दिली. दोघं जमिनीवर समोरासमोर बसले. एक छर्रे सोडायचा, दुसरा पलीकडून झेलून खडूनं खूण करायचा. मध्येच अध्यक्ष मोठ्यांदा हसले. तो आवाज ऐकून प्राचार्य धावत आले. समितीचे अध्यक्ष न कळवता आल्याचं त्यांना नुकतंच कळलं होतं. त्यांनी दारातूनच स्वागताचं बोलायला सुरुवात केली, चहा सांगू का, केबिनमध्ये बसू या का, वगैरे.

अध्यक्षांनी मान वर केली नाही. “साहेब, उजेड अडतोय,” एवढंच म्हणाले.

प्राचार्य बाजूला झाले. फळीखालून एक छर्रा टणकन आवाज करून त्यांच्या बुटाशी येऊन थांबला. त्यांनी तो उचलला, कुठून आला ते पाहिलं, खिशातली दोन्ही पेनं काढून माझ्या टेबलावर ठेवली, पँट गुडघ्यांपाशी जरा वर ओढली आणि फळीची जी बाजू रिकामी होती तिथं जाऊन खाली बसले.